नाताळातला फोन आणि फेब्रुवारीतला फोन

जुळ्या बहिणींचं एकमेकींवाचून पान हलत नाही असं लोक म्हणतात. लेम्पी आणि आउनेचं पान रोज हलायचं, आणि हलताना चांगला आवाज व्हायचा. दोघींनी सदुसष्टी गाठली होती. आउनेचा नवरा गेल्यापासून ती बापाच्या घरी, मोठ्या सरोवरातल्या राउतालाच्या खाडीवर, लेम्पीबरोबर राहायला आली होती. लेम्पीने लग्न केलंच नव्हतं. तिने उभा जन्म रस्त्यावरचा बर्फ लोटणारा सरकारी ट्रक चालवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावरही बर्फ पडायला लागला की तिचे हात शिवशिवायचे. आउने तीस वर्षं जिल्हा कोर्टात कारकून होती. चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरसुद्धा ‘थांबा’ची पाटी दिसली की ती गाडी पूर्ण थांबवायची, डावीकडे बघायची, उजवीकडे बघायची आणि मगच निघायची. शेजारी बसलेली लेम्पी तेवढ्यात डोळे मिटून घोरल्याचं सोंग करायची.

त्या नाताळात लेम्पीने मोबाइल घेतला आणि त्याच उत्साहात भिंतीवरचा जुना फोन काढून टाकला. आउनेने नाक मुरडलं. “मला नको असली खेळणी,” म्हणाली. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती एकटीच गाडी काढून गावात गेली आणि त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, अगदी तसलाच काळा फोन घेऊन आली. लेम्पीला वाटलं, झाला हिचा जळफळाट. तिला मनातून बरंच वाटलं.

मग महिनाअखेरीला पडता पडता गोठणारा पाऊस आला. दोन दिवस झाडांच्या फांद्या काचेसारख्या मोडत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं, की कंपनीचा मनोरा टेकडीवरून कोसळून दरीत पडलाय. कंपनी म्हणाली, तुमच्या बाजूला गिऱ्हाइकं फार नाहीत, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या एका कंपनीचा मनोरा मात्र घराच्या मागेच, बर्च झाडांच्या वर, ताठ उभा होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा लाल दिवा दिसायचा.

“आपल्या फोनमध्ये त्यांचं कार्ड घातलं की झालं,” लेम्पी म्हणाली.

तेवढ्याने होत नव्हतं. कंपनीने फोनला आतून कुलूप घातलं होतं. दुसऱ्याचं कार्ड दिसलं की तो तोंड फिरवून बसायचा.

दोघी वेंडेल पाकेटकडे गेल्या. वेंडेलच्या दुकानात माशांची आमिषं मिळायची, बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त व्हायच्या आणि अलीकडे फोनही. तो पन्नाशीचा, भल्यामोठ्या पोटाचा माणूस होता. दोन्ही फोन त्याने शेजारी शेजारी ठेवले, पाठीवरचे आकडे टिपून घेतले आणि विचारलं, “कधी घेतलेत?”

“हा नाताळात,” लेम्पी म्हणाली. “तो फेब्रुवारीत.”

वेंडेलने नाताळातला फोन आपल्याकडे ओढला आणि दुसरा आउनेकडे सरकवला. “हा उघडून देतो. तो देता येणार नाही.”

“का? दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत.”

“लेम्पीबाई, यात माझा काही दोष नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नियम बदलला. त्याआधी घेतलेला फोन मालकाने उघडला तर चालतं. त्यानंतरचा उघडायचा तर कंपनीची परवानगी लागते. नाहीतर गुन्हा.”

“गुन्हा?” लेम्पी हसायला लागली. “फोन आपला, आणि उघडला तर गुन्हा?”

“फोन आपला. कुलूप त्यांचं. आतला मजकूर त्यांनी लिहिलाय म्हणे, पुस्तकासारखा. म्हणून तर हा निर्णय देशाच्या मोठ्या ग्रंथालयातला प्रमुख ग्रंथपाल घेतो.”

आउने पुढे झाली. “ग्रंथपाल?” तिने विचारलं.

“ग्रंथपाल.”

“ठीक आहे,” आउने म्हणाली आणि आपला फोन पिशवीत टाकला. “नियम आहे तर आहे.”

वेंडेलने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात गळाला लावायच्या किड्यांखेरीज कुणी नव्हतं. “बाई, तसं बघायला गेलं तर... तुम्ही फोन इथे विसरून गेलात आणि उद्या घ्यायला आलात, तर...”

आउनेने त्याच्याकडे असं पाहिलं, की वेंडेलने वाक्य तिथेच सोडलं आणि फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला. लेम्पीने मात्र नवीन कंपनीची दोन कार्डं घेतली. एक आपल्या फोनमध्ये घातलं, दुसरं पाकिटात टाकलं. आउनेचं डोकं ठिकाणावर यायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. कधी आठवडा, कधी दहा वर्षं.

आउनेने परवानगीचा रीतसर मार्ग धरला. कंपनीच्या दुकानात जाऊन तिने व्यवस्थित, मुद्देसूद विनंती केली. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, “दोन वर्षांचा करार संपला की लगेच उघडून देऊ.”

“पण तुमचा मनोरा पडलाय.”

“हो ना, फार वाईट झालं,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा गोड हसली.

आता घरात दोन सारखे फोन होते. एक बोलका, एक मुका. चार दिवस आउने मुका फोन फडक्याने पुसून टेबलावर ठेवत राहिली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती लेम्पीपाशी येऊन उभी राहिली.

“जरा तुझा फोन दे.”

“कुणाला करायचाय?”

“चर्चचं काम आहे.”

फोन घेऊन ती थेट मागच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटात गेली. लेम्पीला आठवलं, फोन घेतल्यापासून ही रोज संध्याकाळी “लाकडं आणते” म्हणून त्या खोपटात जायची. पडवीत लाकडांची इतकी रास लागली होती, की दार अर्धंच उघडायचं. मनोरा पडला तशी लाकडं यायची थांबली होती. लेम्पीने तेव्हा त्याचा अर्थ लावला नव्हता.

अर्थ आपणहून चालत आला. आउने फोन परत देऊन कॉफी टाकायला गेली आणि लेम्पीच्या हातात फोन किणकिणला. निरोप होता: ‘तुमचा आवाज ऐकून जिवात जीव आला. सबंध सरोवरावर तुमच्यासारखं हसणारं कुणी नाही. वॉलफ्रिड.’

लेम्पीने तो दोनदा वाचला. मग ओरडली, “आउने! चर्चला नवीन पाद्री आलाय वाटतं?”

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं.

वॉलफ्रिड निएमी सरोवरापलीकडच्या डुलुथ बंदराचा. खनिज वाहणाऱ्या बोटींवर आयुष्यभर आचारी होता. जूनमधल्या शेकोटीच्या सणात आउनेची आणि त्याची गाठ पडली होती. आधी पत्रं झाली. मग त्याने म्हटलं, फोन असता तर. म्हणून फोन. हे सगळं आउनेने टेबलाकडे बघत, कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगितलं.

“जळफळाट नव्हता तर,” लेम्पी म्हणाली.

“कसला?”

“काही नाही. आणि अगं, या वयात चोरून कशाला? बाबा थोडेच उठून येणार आहेत थडग्यातून!”

“तू हसशील म्हणून.”

“हसणारच. मग काय रडू?”

आणि लेम्पी मनसोक्त हसली. आठवडाभर तिने बहिणीला सोडलं नाही. मासे साफ करताना विचारायची, आचाऱ्याला हे कसं आवडतं, लोण्यात की मलईत? रोज संध्याकाळी फोन मात्र इमानाने हातात द्यायची. “घे, तुझ्या पाद्र्याचा.”

एक दिवस आउने सौनातून आली ती गुणगुणत. चाळीस वर्षांत लेम्पीने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या क्षणी लेम्पीला उमगलं. ही जाणार. आज ना उद्या ही डुलुथला जाणार, आणि या घरात मी आणि चूल. तिने तो विचार झटकला. पण खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यासारखा तो पुन्हा पुन्हा आत आला.

मार्चमध्ये देशभर या कुलपांवरून बराच गलबला झाला. लाखाहून अधिक लोकांनी सरकारकडे मागणी केली आणि सरकारनेही म्हटलं, की हे कायदेशीर असायला हवं. लेम्पीने रेडिओचा आवाज मोठा केला. “ऐकलंस? झालं मोकळं!”

“‘असायला हवं’ म्हणाले. ‘आहे’ नाही म्हणाले,” आउने म्हणाली. “या दोहोंमधल्या अंतरात माझी तीस वर्षं नोकरी झाली.”

त्याच आठवड्यात, गुरुवारी, आउने खरोखरच चर्चच्या कॉफीला गेली असताना निरोप आला. ‘शनिवारी दुपारी तुमच्या गावच्या फिनिश हॉलमध्ये नाच आहे. मी गाडी घेऊन येतोय. तुम्ही आलात तर तुम्हाला एक विचारायचं आहे. नाही आलात, तर तेच उत्तर समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही.’

लेम्पीने निरोप वाचला. मग तिने फोन बंद केला आणि खिशात घातला. आउने घरी आल्यावर म्हणाली, “बॅटरीने दगा दिलाय बघ. चार्जरही चालेना.”

शुक्रवार तसाच गेला. आउनेने एकदाच विचारलं, “नाहीच का चालत?” आणि लेम्पीने मान हलवली. खोटं पचवण्याइतकं लेम्पीचं पोट मोठं नव्हतं. रात्री तिला जेवण गेलं नाही. शनिवारी सकाळपासून बर्फ कोसळत होता. आउने तिच्यासमोर बसून वेलदोड्याच्या पावाचे तुकडे करत होती आणि सर्वांत जाड तुकडा लेम्पीच्या बशीत ठेवत होती. लहानपणापासून ठेवायची तसाच.

“बॅटरी ठीक आहे,” लेम्पी एकदम म्हणाली. तिने फोन काढून टेबलावर ठेवला आणि निरोप दाखवला.

आउनेने वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. ती ओरडली असती तर लेम्पीला सोपं गेलं असतं.

“तू माझा निरोप दाबलास.”

“हो.”

“पत्र दाबलं असतंस तर तुरुंगात गेली असतीस.”

“माहीत आहे.”

“का?”

लेम्पीने पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. तोंडातून भलतंच निघालं. “इथे एकटीने कॉफी प्यायला फार वाईट लागते गं.”

आउने उठली. लेम्पीला वाटलं, आता ही खोलीत जाऊन दार लावणार. आउने खरंच आत गेली. बाहेर आली ती निळा झगा घालून आणि बूट हातात घेऊन. “नाच कधी सुरू होतो?”

“झाला असेल.”

“रस्ता?”

दोघींनी खिडकीतून पाहिलं. रस्ता दिसत नव्हता. जिथे रस्ता असायचा तिथे कंबरभर पांढरं होतं. आउनेने आधी त्या पांढऱ्याकडे आणि मग बहिणीकडे पाहिलं. “तुला चालवता येईल?”

“मला?” लेम्पी म्हणाली आणि किल्ल्या शोधायला लागली.

त्या दुपारी राउतालाच्या रस्त्यावरून लेम्पीचा स्वतःचा जुना ट्रक, पुढे बापाच्या वेळचं लोखंडी पातं लावून, बर्फाचे फवारे उडवत गेला. ‘थांबा’ची पहिली पाटी आली तेव्हा लेम्पीने सवयीने बहिणीकडे पाहिलं.

“चल पुढे,” आउने म्हणाली. “बर्फात पाटी दिसली नाही.”

पाटी लखलखीत दिसत होती. लेम्पीने गिअर बदलला. 

वॉलफ्रिड हॉलच्या दारापाशीच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. उंच, किडकिडीत, लाल कानांचा. कोट अंगातच होता, म्हणजे निघायच्याच बेतात असावा. आउनेला बघून तो उठला आणि टोपी खाली पडली.

“मला वाटलं...”

“निरोप आत्ता मिळाला,” आउने म्हणाली.

लेम्पी पुढे झाली. “माझ्याकडे अडकला होता. मी मुद्दाम अडकवला. मी हिची बहीण.”

वॉलफ्रिडने तिला नीट न्याहाळलं. “दिसतंच आहे,” म्हणाला. “बहिणी असंच करतात. माझ्या बहिणीने एकदा माझे बूट विहिरीत टाकले होते, बोटीवर जाऊ नये म्हणून.”

“मग?”

“अनवाणी गेलो.”

मग तो आणि आउने नाचायला गेले. वॉलफ्रिडला नाच येत नव्हता आणि आउने विसरली होती, त्यामुळे जोडी जमली. लेम्पी कॉफीच्या टेबलाशी उभी राहिली. तिने बहिणीकडे पाहिलं आणि तिला मत्सर वाटला नाही, नुसतीच भूक लागली. दोन दिवसांची होती. तिने मांस-बटाटे भरलेली एक अख्खी पेस्टी खाल्ली. मग दुसरी उचलताना तिचं लक्ष वाजवणाऱ्यांकडे गेलं. अॅकॉर्डियन घेऊन वेंडेल पाकेट घामाघूम झाला होता.

पहिली विश्रांती झाली तशी लेम्पीने त्याला कोटांच्या खोलीत गाठलं. आउनेच्या कोटातून तिचा मुका फोन काढला, आपल्या पाकिटातलं कार्ड काढलं आणि दोन्ही त्याच्यापुढे धरलं.

“उघड.”

“लेम्पीबाई, इथे?”

“इथे. यापुढे तिचे निरोप माझ्या खिशातून जाता कामा नयेत. माझा भरवसा नाही.”

“कोड माझ्याकडे आहे. आकडे टिपले होते ना, त्याच दिवशी काढून ठेवला. पण फोन तुमचा नाही. मालकाने सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. ती बाई मला फाशी देईल.”

“कुणाला फाशी?” दारातून आवाज आला. आउने उभी होती, मागे वॉलफ्रिड, दोघेही धापा टाकत. “माझ्या फोनचं काय चाललंय?”

लेम्पीने सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. आउने सगळं ऐकून कोटांच्या मधल्या बाकावर बसली.

“वेंडेल, उघडायला काय करावं लागतं?”

“हे कार्ड घालायचं. फोन कोड विचारेल. आकडे दाबायचे. बस.”

“आकडे सांग. दाबणार मी.”

“बाई, मी दाबतो की.”

“तू धंदा करतोस. तुझ्यावर आलं तर दुकान जाईल. फोन माझा, बोट माझं.” तिने चष्मा चढवला. “आणि सावकाश सांग, चुकले तर दोनदा गुन्हा व्हायचा.”

वेंडेलने हलक्या आवाजात आकडे सांगितले. आउनेने एकेक आकडा असा दाबला, जणू निकालपत्रावर शिक्का मारतेय. वॉलफ्रिडला नेमकं काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तो टोपी छातीशी धरून आदराने उभा होता. फोन क्षणभर काळा झाला. मग वरच्या कोपऱ्यात मनोऱ्याच्या रेघा उगवल्या, एक, दोन, तीन.

“झालं?” आउनेने विचारलं.

“झालं.”

“एवढंच?” तिचा चेहरा जरा पडला. इतकी वर्षं ज्याच्या वाटेला गेली नाही ते इतकं किरकोळ निघावं, याचा तिला रागच आला असावा.

“मला एक विचारायचं होतं,” वॉलफ्रिड म्हणाला.

वेंडेलला अचानक वाजवायची घाई झाली. लेम्पीही निघाली, पण दार पुरतं न लावता. आउने “हो” म्हणाली ते तिने ऐकलं. त्याआधी “पण आधी एक सांगते, मी आत्ताच कायदा मोडला आहे” हेही ऐकलं.

सोमवारी आउने शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत हजर झाली. शेरीफ हार्यू तिला कोर्टाच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याने उठून खुर्ची दिली.

“मी गुन्हा कबूल करायला आले आहे.”

हार्यूने कॉफीचा कप खाली ठेवला. तिने तारखेनिशी सगळं सांगितलं. वेंडेलचं नाव तेवढं घेतलं नाही. लेम्पी दाराशी उभी होती, छताकडे बघत.

“आउने,” हार्यू शेवटी म्हणाला, “हा देशाचा कायदा. माझा अधिकार जिल्ह्यापुरता. ही केस माझ्याकडे चालायची नाही.”

“मग कुठे जाऊ?”

“मार्केट शहरात देशाचे सरकारी वकील बसतात. पण खरं सांगू? तुम्ही त्यांच्यासमोर हे बोललात, की ते विचारतील फिर्यादी कोण. कंपनी तर आली नाही. मग ते तुम्हाला कॉफी देतील. ती इथल्यापेक्षा वाईट असते.”

“म्हणजे शिक्षा नाही?”

“बाई,” हार्यू खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला, “बाहेर त्या गाडीत शिकारबंदीच्या काळात मारलेलं हरीण आहे, आणि मारणारा म्हणतो ते आपणहून गाडीला धडकलं. गोळीसकट. मला आज तेवढंच पुरे आहे.”

आउने नाइलाजाने घरी आली. वाटेत तिने लेम्पीला बर्फ खरवडण्यापासून ते घोरण्यापर्यंत सगळ्यावरून बोलून घेतलं. त्यावरून लेम्पीला कळलं, की निरोपाच्या प्रकरणात आपल्याला माफी मिळाली आहे.

लग्न जूनमध्ये झालं. डुलुथला जायचा प्रश्न आलाच नाही. वॉलफ्रिड तिथे कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत होता आणि त्याला तिथून निघायचंच होतं. हे लेम्पीने आधी विचारलं असतं तर तिचे दोन दिवस उपासाचे गेले नसते. तो दोन पेट्या आणि एक अजस्र पातेलं घेऊन राउतालाला आला. त्याला अठ्ठावीस खलाशांखेरीज इतर कोणत्याही मापाचा स्वयंपाक येत नव्हता. पहिल्या महिन्यात शेजारीपाजारी, पाद्री आणि एकदा शेरीफ हार्यूसुद्धा जेवून गेला. लेम्पीचं वजन वाढलं आणि तिने वरची खोली आनंदाने सोडली, कारण जिना चढवेना.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये खरोखरच कायदा झाला. आपला फोन आपण उघडला तर पुन्हा गुन्हा नाही. रेडिओवर बातमी लागली तेव्हा तिघं धक्क्यावर जाळं साफ करत होते.

“सुटलीस,” लेम्पी म्हणाली. “धुतली गेलीस.”

“कायदा मागे जाऊन लागू होत नाही,” आउने म्हणाली. “मी केलं तेव्हा तो गुन्हाच होता.”

“म्हणजे माझी बायको गुन्हेगार,” वॉलफ्रिड खुशीत म्हणाला.

“एकदाच,” आउने म्हणाली. “ते टोक धरा बरं, तुमच्या बाजूने जाळं पाण्यात चाललंय.”